मोटारसायकल अडल्यास प्रथम काय पाहावें?

पहांटे दूध डेअरीवर पोंचविणें, बाजाराच्या दिवशीं भाजी नेणें, अपरात्रीं आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत हलविणें, हीं सर्व कामें आज खेड्यांत मोटारसायकलीवर येऊन पडलीं आहेत. बैल अडला तर मालकास त्याचें दुखणें ओळखतां येतें. गाडी अडली म्हणजे मात्र तोच मालक किक मारून मारून दमतो आणि इकडे दूध नासतें. वास्तविक बहुतेक बिघाड घरच्या घरीं उमगण्यासारखे असतात. यास्तव आमच्या वाचकांस पुढील क्रम सुचवीत आहों.

इंजिनास चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी व सिलिंडरांतील दाब. पैकीं दाब सहसा एकाएकीं जात नाहीं. म्हणून पहिल्या तिहींचा शोध आधीं घ्यावा.

इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलें गेलें नाहीं ना, हें प्रथम पाहावें. नंतर टाकीचें झांकण उघडून पेट्रोल प्रत्यक्ष पाहावें. कांट्यावर विसंबूं नये. अंधारांत काडी किंवा कंदील जवळ नेणें म्हणजे जिवाशीं खेळ होय, विजेरीच वापरावी. गाडी थोडें अंतर चालून थांबत असेल व झांकण उघडून मिटल्यावर पुन्हां चालत असेल, तर झांकणांतील हवेचें छिद्र चिखलानें बुजलें आहे असें समजावें. हवा आंत न शिरल्यामुळें पेट्रोल खालीं उतरत नाहीं.

यानंतर प्लग काढून पाहावा. बऱ्याच किका मारूनही तो कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असल्यास पेट्रोल फार झालें किंवा ठिणगी पडत नाहीं. तो पुसून वाळवावा, चोक बंद करावा आणि मूठ पूर्ण उघडून किक मारावी. काजळी धरली असल्यास चोक ओढलेला राहिला किंवा हवेची जाळी धुळीनें भरली, असा तर्क करावा. मळणीच्या दिवसांत दुसरें कारण वारंवार घडतें.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली म्हणजे कार्बुरेटरांत पेट्रोल सुकून चिकट साका धरतो आणि बारीक जेट बुजतो. अशी गाडी चोकवर चालते व चोक सोडतांच बंद पडते. जेट पेट्रोलनें धुऊन पंपाच्या हवेनें साफ करावा. तार घालूं नये, कारण छिद्र मोठें होऊन पेट्रोलचें प्रमाण कायमचें बिघडतें. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटराऐवजीं इंजेक्शन आहे. तेथें किल्ली फिरवितांच पेट्रोल-पंपाची घरघर ऐकूं येते कीं नाहीं, आणि बॅटरी उतरली नाहीं ना, एवढेंच पाहावें. आंतील भाग उघडूं नयेत.

पेट्रोलविषयीं एक गोष्ट ऊंस-बागाइतदारांस विशेष जवळची आहे. आपल्याच उंसाच्या रसापासून व मळीपासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात. २०२५ सालीं हें प्रमाण देशांत २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल पाणी ओढून घेतें. थोडें पाणी त्यांत विरून जातें. परंतु पावसाचें पाणी टाकींत प्रमाणाबाहेर उतरलें, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं बसतात आणि तेंच इंजिनाकडे जातें. संशय आल्यास तळचें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. नुसता तळ काढून भागत नाहीं, कारण इथेनॉल गेल्यानें वरच्या पेट्रोलचाही कस उतरलेला असतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलनें बिघडूं शकतात; त्या वरचेवर तपासाव्या.

एवढें करूनही गाडी न चालल्यास कारागिराकडे जावेंच. परंतु प्लग ओला होता कीं कोरडा, पेट्रोल उतरत होतें कीं नाहीं, हें त्यास सांगावें. ज्या मालकास एवढें सांगतां येतें, त्याच्या माथीं नको असलेला नवा भाग सहसा मारला जात नाहीं.