हौशी म्हणजे कोण? केरीच्या मातीतील फुटबॉल

आयर्लंड म्हटले की आम्हा वकील मंडळींना भारतीय संविधानाचा चौथा भाग आठवतो. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आपण १९३७ च्या आयरिश राज्यघटनेवरून घेतली, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण ती राज्यघटना स्वीकारणारा समाज रविवारी दुपारी कुठे असायचा, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. तो मैदानावर असायचा. त्या मैदानाचा इतिहास श्रमिकांच्या चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, असे आम्हाला वाटते.

हा खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातानेही खेळता येतो आणि पायानेही. इंग्रजी 'एच' अक्षरासारख्या खांबांच्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर साधारणपणे एक. खेळणाऱ्याला पगार नाही, मानधनही नाही. देशातला सर्वोत्तम खेळाडूसुद्धा सोमवारी सकाळी आपल्या नोकरीवर हजर होतो. याला म्हणायचे हौशी खेळ.

मात्र 'हौशी' या शब्दाने फसू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उच्चभ्रूंनी हा शब्द कुंपणासारखा वापरला. १८६६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबच्या व्याख्येनुसार कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर हौशी ठरूच शकत नव्हता. हाताने काम करून पोट भरणारा माणूस सभ्य गृहस्थाच्या शेजारी धावायला अपात्र! पुढे १८८० मध्ये हा नियम गळाला, पण नियमामागची मनोवृत्ती अशी एका ठरावाने गळत नसते. शुचितेच्या नावाखाली कोणाला बाहेर ठेवले जाते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातील एका हॉटेलात मूठभर माणसे जमली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. पुढाकार होता मायकेल क्युसॅक या शिक्षकाचा, अध्यक्ष झाले मॉरिस डेव्हिन. त्यांनी 'हौशी' शब्द ठेवला, पण त्याचे दार उघडले. शेतमजूर, कारागीर, दुकानातला नोकर, सगळ्यांना मैदान खुले झाले. सामने रविवारी ठेवले, कारण कष्टकऱ्याला सुटीचा तोच एक दिवस. ही साधी गोष्ट नव्हती. खेळाचे वेळापत्रक कोणाच्या सवडीने ठरते, यावरूनच तो खेळ कोणाचा ते कळते.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी ही काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. डोंगर, दलदल, समुद्र आणि शतकानुशतके बाहेर पडणारी माणसे. तिथे काउंटीची पहिली स्पर्धा १८८९ साली झाली आणि किलॉर्ग्लिन गावच्या लॉन रेंजर्सने ती जिंकली. अखिल आयर्लंडचे पहिले विजेतेपद १९०३ सालचे, प्रत्यक्षात सामने मात्र १९०५ पर्यंत लांबलेले. त्यानंतर २०२५ पर्यंत केरीने हे विजेतेपद एकूण ३९ वेळा मिळविले. दुसरी कोणतीही काउंटी या आकड्याच्या जवळ नाही.

आमच्या दृष्टीने केरीचे मोठेपण मात्र या आकड्यात नाही. ते १९२२-२३ च्या यादवी युद्धानंतरच्या वर्षांत आहे. ब्रिटिशांशी झालेला करार मानायचा की नाही यावर देश दुभंगला, आणि केरीत सर्वात क्रूर रक्तपात झाला. ७ मार्च १९२३ रोजी बॅलीसीडी येथे सरकारी सैनिकांनी नऊ प्रजासत्ताकवादी कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून तो उडविला. आठ जण ठार झाले, स्टीफन फुलर तेवढा वाचला. अशा जिल्ह्यात एक संघ उभा करायचा होता. निम्मे खेळाडू तुरुंगातून सुटलेले, काही जण सरकारी सैन्यात नोकरी केलेले.

तो संघ उभा राहिला. कॉन ब्रॉस्नन सरकारी सैन्यात कॅप्टन होता. जॉन जो शीही प्रजासत्ताकवाद्यांचा म्होरक्या, फरारी. ब्रॉस्ननने शब्द दिला आणि शीही सुरक्षितपणे सामन्याला येऊन खेळून गेला, असे केरीत आजही सांगतात. १९२९ ते १९३२ अशी सलग चार वर्षे केरीने अखिल आयर्लंड जिंकले. १९३१ मध्ये कर्णधारपद ठरविण्याचा मान ट्रालीच्या जो बॅरेटकडे होता. बॅरेट स्वतः कैद भोगलेला प्रजासत्ताकवादी. त्याने ते पद ब्रॉस्ननला दिले! त्याच्याच क्लबातल्या लोकांना हे रुचले नाही, तरी तो मागे हटला नाही. याला आम्ही दिलजमाई म्हणणार नाही. बॅलीसीडीचा न्याय कोणाला मिळाला नाही, आणि मैदानावर एकमेकांना चेंडू दिल्याने तो मिळणारही नव्हता. पण एकत्र वावरण्याची एक जागा शिल्लक राहिली, हे मान्य करावेच लागेल.

आता दुसरी बाजू. ज्या संघटनेने मजुरासाठी कुंपण मोडले, तिने स्वतःचेही कुंपण घातले. सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे 'परके' खेळ. ते खेळणारा, इतकेच काय पाहणारासुद्धा, बहिष्कृत. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका सॉकर सामन्याला पदाच्या कर्तव्यापोटी हजर राहिले, म्हणून त्यांना संघटनेच्या आश्रयदातेपदावरून काढून टाकले. आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस तो. ही बंदी उठायला १९७१ उजाडले. शिवाय क्लब उभा राहिला तो पॅरिशवर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या हद्दीवर. गावकी आणि धर्मसंस्था यांची अशी गाठ पडली की आत कोण आणि बाहेर कोण, हे आपोआप ठरू लागते.

आणि फुकटचे श्रम कोणाचे? किलार्नीचे फिट्झगेराल्ड स्टेडियम १९३६ साली खुले झाले. त्याची जमीन घडविण्यात गावातील मनोरुग्णालयाच्या रुग्णांनी घाम गाळला. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. एमन ओ'सलिव्हन हेच केरी संघाचे प्रशिक्षक होते आणि कामातून उपचार ही त्यांची पद्धत होती. हेतू चांगला असेल. मैदानाला नाव मात्र खेळाडूचे लाभले, डिक फिट्झगेराल्डचे.

केरीची आजची रचना मात्र आम्हाला मनापासून आवडते. लीगमध्ये प्रत्येक क्लब आपापल्या श्रेणीत स्वतंत्र खेळतो, जिंकला तर वर चढतो, हरला तर खाली उतरतो. काउंटी अजिंक्यपदात मात्र लहान क्लबांचे निवडक खेळाडू एकत्र येऊन विभागाचा संघ करतात. ईस्ट केरी, मिड केरी, साउथ केरी असे हे संघ. त्यामुळे वाडीवजा गावातला पोरगाही मोठ्या शहरी क्लबांशी टक्कर घेऊ शकतो, तेही आपला क्लब न सोडता. डेव्हिड क्लिफर्ड हा आजचा सर्वश्रेष्ठ खेळाडू फॉसा या छोट्या गावचा. २०२२ मध्ये तो केरीबरोबर अखिल आयर्लंड जिंकला, ईस्ट केरीबरोबर काउंटी जिंकला, आणि जानेवारी २०२३ मध्ये फॉसाने ज्युनियर गटाचे अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळविले. व्यवसायाने तो शिक्षक आहे. त्याला कोणताही धनाढ्य क्लब लिलावात विकत घेऊ शकत नाही.

पैसा आलाच नाही असे नाही. डब्लिनचे क्रोक पार्क ८२ हजारांवर प्रेक्षक मावणारे, तिकिटाला पैसे पडतात, जर्सीवर कंपनीचे नाव असते. १९८५ मध्ये अंतिम सामन्याच्या तोंडावर केरीचे खेळाडू वॉशिंग मशीनच्या जाहिरातीत झळकले, तेव्हा केवढा गहजब! कंपनीने जर्सीवर नाव टाकले तर पुरस्कार, आणि खेळाडूने जाहिरात केली तर पावित्र्यभंग, हा कुठला न्याय? १९९९ मध्ये खेळाडूंनी आपली संघटना काढली, ती यातूनच.

स्त्रियांचा प्रश्न तर फार उशिरा पुढे आला. त्यांची संघटना १९७४ साली वेगळी स्थापन झाली. केरीच्या मुलींनी १९८२ ते १९९० सलग नऊ वेळा अखिल आयर्लंड जिंकले. पुरुषांच्या कोणत्याही संघाला हे जमलेले नाही. १९९३ नंतर थेट २०२४ मध्ये त्यांना पुन्हा विजेतेपद मिळाले. पुरुषांची आणि स्त्रियांची संघटना २०२७ पर्यंत एक करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे.

एक मात्र होईल. एकत्रीकरण कागदावर झाले तरी मैदाने तेवढीच राहतील, आणि संध्याकाळचा दिवे लावलेला तास कोणाला मिळणार, यावर प्रत्येक क्लबात भांडण होईल. ते व्हायलाच हवे. तिकडे केरीच्या दक्षिण टोकाला वेगळीच अडचण आहे. डब्लिन, लंडन, ऑस्ट्रेलियाकडे तरुण निघून जातात, शाळांचा पट घटतो, आणि कालपर्यंत एकमेकांचे कट्टर वैरी असलेले शेजारी क्लब मुलांचा संघ पुरा करण्यासाठी एकाच जर्सीत उतरू लागले आहेत.