हुंडा हा शब्द इथल्या कायद्यात आहे

न्यूझीलंडच्या संसदेने २०१८ साली कौटुंबिक हिंसाचाराविषयी नवा कायदा केला. तो १ जुलै २०१९ पासून लागू आहे. त्याचं नववं कलम मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा एका पोटकलमाशी थबकले. लग्नात, किंवा नुसत्या ठरलेल्या लग्नात, कोणी काय दिलं, किती दिलं, किती मिळालं यावरून होणारा छळ हा हिंसाचार आहे, असं तिथे लिहिलंय, आणि त्याला नावही हुंड्याचंच दिलंय. जेमतेम अर्ध्या कोटी वस्तीच्या या देशाने आपल्या घरातली गोष्ट अशी नावानिशी कायद्याच्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. आणि आपण मात्र गणपतीत मोदक वळताना एकमेकींना सांगत असतो, "इथल्या लोकांना आपल्या घरातलं काय कळणार?"

ऑकलंडमध्ये राहून अशी वाक्यं मी पुष्कळ ऐकली आहेत. बोलणाऱ्या बायका शिकलेल्या असतात, नोकऱ्या करतात, गाडी चालवतात. घाबरट म्हणावं अशी त्यांतली एकही नाही. पण कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, ते खरं धरून त्या गप्प बसतात. म्हणून ती वाक्यं एकदा कायद्यासमोर धरून पाहावीत असं वाटलं.

सगळ्यात जास्त चालणारं वाक्य हे: "तुझा व्हिसा माझ्या जिवावर आहे. मी एक मेल टाकला की तू विमानात बसलीस म्हणून समज."

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते एवढं लागतं. जोडीदार म्हणून मिळालेल्या व्हिसाला त्याचा पाठिंबा लागतो आणि तो पाठिंबा नवरा काढून घेऊ शकतो. पण कोणाला देशात ठेवायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे इमिग्रेशन खातं ठरवतं. नवऱ्याच्या मेलने कोणी विमानात बसत नाही. शिवाय ज्यांचा जोडीदार न्यूझीलंडचा नागरिक किंवा रेसिडेंट व्हिसाधारक आहे आणि हिंसाचारामुळे ज्यांचं नातं तुटलं, त्यांच्यासाठी वेगळा वर्क व्हिसा आहे. त्यासाठी नवऱ्याला शिक्षा झालेली असलीच पाहिजे असंही नाही. स्वतःचं शपथपत्र आणि डॉक्टर, नोंदणीकृत समाजसेवक अशा दोन जाणकार व्यक्तींची शपथपत्रं हा पुरावा चालतो. पुढे कायम राहण्याचाही अर्ज करता येतो, पण त्यात मायदेशी परत जाणं का शक्य नाही ते दाखवावं लागतं. तिथे स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं साधन नाही, किंवा नवऱ्याला सोडून आलेली म्हणून समाज वाळीत टाकेल, त्रास देईल, ही कारणं त्या नियमातच दिलेली आहेत. "माहेरी परत गेले तर लोक जगू देणार नाहीत" हे आपल्याकडचं जुनं दुखणं इथे सरकारी अर्जात कारण म्हणून मांडता येतं.

या नियमात एक मोठं भोक आहे, तेही सांगितलं पाहिजे. नवरा स्वतःच तात्पुरत्या वर्क व्हिसावर किंवा विद्यार्थी म्हणून आलेला असेल, तर हा मार्ग बायकोसाठी नाही. नव्याने आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची अवस्था हीच असते, आणि मला हा नियम अन्यायाचा वाटतो. तरीही अशा बाईला पोलिसांचं आणि कोर्टाचं संरक्षण मात्र पूर्ण मिळतं, कारण प्रोटेक्शन ऑर्डर मागण्यासाठी कुठल्याही व्हिसाची अट नाही. त्या अर्जाला फी नाही. सरकारी खर्चाने वकील मिळाला तर या कामाचे पैसे परत करावे लागत नाहीत. धोका असेल तर न्यायाधीश नवऱ्याला आधी न कळवताही तात्पुरता आदेश देऊ शकतात, आणि त्याने तो लढवला नाही तर तीन महिन्यांनी तो आपोआप कायम होतो. व्हिसाचं पुढे काय, हे विचारायला कम्युनिटी लॉ सेंटर आहेत, तिथे सल्ला फुकट मिळतो.

"अंगाला हात लावला नाही ना? मग कसला हिंसाचार?" हे मी बायकांच्याच तोंडून ऐकलंय, आणि एकदा माझ्याही तोंडून निघालं होतं. एका मैत्रिणीने सांगितलं होतं की तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होतो आणि भाजी आणायलाही तिला पैसे मागावे लागतात. मी म्हटलं, "अगं, हिशोबी स्वभाव असतो एकेकाचा." ते वाक्य मला आजही आठवतं. इथला कायदा पैशांवरच्या अशा दाबाला नाव घेऊन हिंसाचार म्हणतो. पैसे विनाकारण अडवणं, नोकरी करू न देणं, शिक्षण घेऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. धमक्या येतात, वस्तूंची मोडतोड येते, पाळलेल्या कुत्र्या-मांजराला छळणंही येतं. एकेक घटना किरकोळ दिसली तरी त्यांची साखळी मिळून हिंसाचार होतो, हेही कायद्याने मानलं आहे. आणि नवरा-बायकोतली जबरदस्ती म्हणाल, तर लग्नाच्या आडोशाने बलात्काराला मिळणारी सूट इथे १९८५ सालीच काढून टाकली. भारतात ती अजून कायद्यात आहे, म्हणून तिकडून येताना आपण समजूतही तीच घेऊन येतो.

मुलांविषयी कायद्यातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते. मुलांना घरातला हिंसाचार बघायला-ऐकायला लावणं हा त्यांचा मानसिक छळ आहे, पण ज्या व्यक्तीवर हिंसाचार होतो आहे, तिने हे घडू दिलं असं धरू नये. "मी सहन केलं म्हणून पोरांना बघावं लागलं" हे ओझं घेऊन जगणारी आई प्रत्येक गावात आहे. इथल्या कायद्याने ते तिच्या डोक्यावरून उतरवलंय. तिला मिळालेला प्रोटेक्शन ऑर्डर तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलांना आपोआप लागू होतो.

"पोलिसांना बोलावलं की संसार मोडलाच." पोलीस घरी येतात आणि धोका दिसला तर जागच्या जागी सेफ्टी ऑर्डर देऊ शकतात. त्यानंतर जास्तीत जास्त दहा दिवस, त्रास देणाऱ्याला घराबाहेर राहावं लागतं. घर सोडायचं ते त्याने, तिने आणि मुलांनी नाही. हा गुन्हा शाबीत झाल्याचा शिक्का नसतो. कोर्टाचा प्रोटेक्शन ऑर्डर घेऊन नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकाही आहेत. एकत्र राहायला तिची संमती असेल तर संपर्क न करण्याची अट स्थगित राहते, हिंसाचार न करण्याची अट चालूच राहते, आणि ती मोडली तर तुरुंगवास होऊ शकतो. संसार राहावा आणि मार थांबावा, ही बहुतेक जणींची इच्छा असते. त्या इच्छेला या कायद्यात जागा आहे. मोडायचाच ठरला, तर तीन वर्षांहून जास्त टिकलेल्या संसारात राहतं घर कोणाच्याही नावावर असो, साधारणपणे वाटणी अर्धी-अर्धी होते. तो कायदा १९७६ चा आहे.

हे सगळं फक्त बायकांपुरतं नाही. कायद्यात 'कुटुंब' म्हणजे सासू, दीर, एका घरात राहणारे नातलग, सगळेच. पुरुषही दाद मागू शकतो. आणि ज्यांच्याविषयी आपण सगळ्यात कमी बोलतो ते आई-बाबाही मागू शकतात. नातवंडं सांभाळायला त्यांना पुण्या-नाशिकहून बोलावलं जातं. पासपोर्ट मुलाच्या कपाटात, फोनचं कार्ड सुनेच्या नावावर, बस कुठून सुटते ते माहीत नाही, बाहेर पडायची सोय नाही. बहुतेक घरांत हे मायेने चालतं. जिथे मायेने चालत नाही, तिथल्या आजीला वाटतं की आपण 'व्हिजिटर', आपल्याला इथे काय अधिकार? हिंसाचाराच्या कायद्यापुढे तिचा अधिकार घरातल्या इतरांइतकाच आहे.

मदत कुठे? शक्ती ही संस्था १९९५ साली ऑकलंडमध्ये आशियाई स्त्रियांनी आशियाई स्त्रियांसाठी सुरू केली. पुढे २०२० मध्ये इथल्या पहिल्या भारतीय वंशाच्या मंत्री झालेल्या प्रियांका राधाकृष्णन यांनी तिथे काम केलं होतं. शक्तीचा फोन आहे ०८०० ७४२ ५८४. विमेन्स रेफ्यूज या संस्थेचा ०८०० ७३३ ८४३. जिवाला धोका असेल तर १११. मोबाइलवरून १११ लावला आणि बोलणं शक्यच नसेल, त्रास देणारा शेजारच्याच खोलीत असेल, तर सूचना ऐकून ५५ दाबायचं, कॉल पोलिसांकडे जातो. हे ५५ प्रत्येक मुलीला माहीत हवं. लैंगिक अत्याचार न्यूझीलंडमध्ये झाला असेल तर अपघात विमा पाहणाऱ्या एसीसीकडून समुपदेशन फुकट मिळतं. त्यासाठी पोलिसांत तक्रार लागत नाही, आणि तुम्ही फिरायला आलेल्या पाहुण्या असलात तरी ते मिळतं.

आता घराबाहेर. भारतात नोकरी करून आलेल्यांना २०१३ चा कायदा माहीत असतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तक्रार तीन महिन्यांत करायची. इथे ते समिती शोधतात, ती सापडत नाही, आणि "छोट्या दुकानात कुठली आलीय समिती" म्हणून विषय सोडून देतात. न्यूझीलंडमध्ये अशी समिती सक्तीची नाही, म्हणून मार्ग नाही असं नाही. एकतर नोकरीच्या कायद्याखाली वैयक्तिक तक्रार करायची, किंवा मानवाधिकार आयोगाकडे जायचं. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. आयोगाची मध्यस्थी फुकट आणि गोपनीय असते. नोकरीतल्या इतर तक्रारींना ९० दिवसांची मुदत आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीलाही आधी तेवढीच होती, जून २०२३ पासून ती बारा महिने झाली. "आता वेळ निघून गेली" असं समजणाऱ्या कितीतरी जणींची वेळ अजून गेलेली नसेल.

"एकदाच तर बोलला" हाही असाच एक समज. मोबदल्याची लालूच किंवा नोकरीची धमकी देऊन केलेली मागणी एकदा झाली तरी पुरते. नकोसं बोलणं, चित्रं, स्पर्श हे वारंवार असेल, किंवा एकदाच पण गंभीर असेल, तरी तो छळच. आणि गिऱ्हाईक? आपली कितीतरी मुलं-मुली डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, हॉटेलात रात्रपाळी करतात. गिऱ्हाइकाने छळलं आणि ते मालकाला सांगितलं, तर पुन्हा होऊ नये म्हणून शक्य ते सगळं करणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालक आपलाच असला, ओळखीचा काका असला, तरीही. तक्रार केली तर नोकरी आणि तिच्याबरोबर व्हिसा जाईल ही भीती मोठी आहे, मान्य. त्यासाठी २०२१ पासून शोषण झालेल्या परदेशी कामगारांना मालकाला सोडून राहता यावं म्हणून सहा महिन्यांचा वेगळा व्हिसा आहे. सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधणं सोपं नसतं, हे ज्याने शोधली त्यालाच विचारावं.

शिकल्या-सवरल्यांच्या ऑफिसात असं होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ साल आठवावं. रसेल मॅकवे या देशातल्या बड्या वकिली फर्ममधल्या तरुण शिकाऊ मुलींच्या तक्रारी तेव्हा बाहेर आल्या आणि डेम मार्गारेट बेझली यांनी चौकशी करून अहवाल दिला. पुढच्याच वर्षी डेबी फ्रान्सिस यांच्या अहवालाने खुद्द संसदेतली दादागिरी आणि छळ उघड केला.

यावर इथे सगळे एका गोष्टीचं समाधान मानतात, की स्त्रियांना मताचा हक्क देणारा हा जगातला पहिला देश. १९ सप्टेंबर १८९३, खरं आहे. केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी या हक्काच्या मागणीसाठी जवळजवळ ३२,००० सह्या गोळा केल्या होत्या. पण स्त्रियांना उमेदवार म्हणून उभं राहण्याचा हक्क मिळाला १९१९ मध्ये, आणि पहिली स्त्री खासदार, एलिझाबेथ मॅकोम्ब्ज, निवडून आली १९३३ मध्ये. मतापासून खुर्चीपर्यंत चाळीस वर्षं गेली. समान वेतनाचा कायदा १९७२ चा, तरी क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धांची देखभाल करणाऱ्या बाईंना त्याच कायद्यावर बोट ठेवून मालकाला कोर्टात खेचावं लागलं. हे काम बायकांचं म्हणून त्याचा पगार कमी, हा त्यांचा मुद्दा. २०१७ मध्ये सुमारे ५५,००० कामगारांसाठी दोन अब्ज डॉलरचा समझोता झाला. आपल्यातल्या ज्या जणी रेस्ट होममध्ये काम करतात, त्यांच्या पगारात त्या एका बाईच्या हट्टाचा वाटा आहे. आणि मे २०२५ मध्ये सरकारने घाईने कायदा बदलून असे ३३ दावे एका फटक्यात रद्द केले. मिळालेलं परत जाऊ शकतं, हे त्यातून दिसलं. त्याच वर्षी संसदेने एक चांगलंही केलं. आपला पगार दुसऱ्याला सांगितला म्हणून मालकाने त्रास दिला, तर आता तक्रार करता येते. "पगाराविषयी बोलायचं नसतं" हा संस्कार जरा बाजूला ठेवायला हरकत नाही.

शेवटचा समज मला सगळ्यात जास्त छळतो: "भेदभाव गोरे करतात, आपल्यात तसं काही नाही." गोऱ्यांनी केला, हे खरंच आहे. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहेत १९२६ साली भारतीय आणि चिनी शेतकऱ्यांना हुसकावण्यासाठी व्हाइट न्यूझीलंड लीग निघाली. त्या गावात न्हावी भारतीयांचे आणि माओरींचे केस कापत नसत. त्याच वर्षी भारतीयांनी आपली देशव्यापी संघटना उभी केली. आज २०२३ च्या जनगणनेत आपण २,९२,०९२ आहोत, देशातला तिसरा मोठा वांशिक गट. आणि आपल्याच कार्यक्रमात नव्या कुटुंबाचं आडनाव ऐकून "म्हणजे तुम्ही नेमके कुठले?" असं विचारलं जातं. गावाचं नाव सांगितलं तरी समाधान होत नाही, कारण प्रश्न गावाचा नसतोच. भाडेकरू ठेवताना, मुलीसाठी स्थळ बघताना, पंगतीत कोणाला वाढायला उभं करायचं ते ठरवताना हा प्रश्न इथेही येतो. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसांत येतो.

अमेरिकेत सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. न्यूझीलंडच्या १९९३ च्या मानवाधिकार कायद्यात भेदभावाचे १३ आधार दिले आहेत: लिंग, धर्म, वर्ण, वंश, अपंगत्व, वय, आणखीही काही. जात हा शब्द त्यात नाही. हुंडाही १९९५ च्या हिंसाचाराच्या कायद्यात नव्हता, तो तेवीस वर्षांनी आला. जातीची गोष्ट इथल्या कायदा करणाऱ्यांना कोणी बाहेरचा येऊन समजावणार नाही. ती आपल्यालाच माहीत आहे, आणि ज्याला आडनाव विचारलं गेलं त्याला तर फारच चांगली माहीत आहे. पुढच्या कार्यक्रमात त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून आधी त्याचं ऐकावं.