गोळा पोटरीत, कारण गळ्यात?
थायरॉइड लेखमाला : भाग ६

पायाचा अंगठा ताठ होऊन वर जातो, शेजारची दोन बोटं खाली वळून एकमेकांवर चढतात, तळवा मधोमध आखडतो आणि गाढ झोपलेला माणूस कण्हत कण्हत पाय पलंगाखाली टाकतो. पोटरीतला गोळा याहून जबर. हात लावला तर लिंबाएवढी गाठ लागते, आणि ती विरल्यावरही दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटरी ठणकत राहते.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या माणसाला असं झालं की घरात निदान तयार असतं : ‘थायरॉइडमुळे होतंय.’ औषधही तयार असतं : ‘कॅल्शियम कमी झालं असेल, एक गोळी चालू कर.’ यातलं पहिलं वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं. दुसरं बहुतेकदा चुकतं, आणि त्या दुसऱ्यापायीच कधी कधी पहिलं खरं होऊन बसतं. ते कसं, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गलगंड कापून काढण्यात युरोपात दोन सर्जनांचं नाव होतं : व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर. दोघांच्याही रुग्णांना ऑपरेशननंतर त्रास व्हायचा, पण निरनिराळा. बिलरोथ यांच्या काही रुग्णांना थोड्याच दिवसांत हातापायांत पेटके येऊ लागत. त्यांचे सहकारी आंतोन व्योल्फलर यांनी १८७९ मध्ये तशी नोंद केली. कोखर यांचे रुग्ण सुरुवातीला ठणठणीत दिसत, पण पुढे महिन्यामहिन्याने सुजत, सुस्तावत, बोलण्या-चालण्यात मंद होत. १८८३ मध्ये कोखर यांनी स्वतःच ते जगापुढे मांडलं. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी या दोघांचंही काम जवळून पाहिलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ मला फार आवडतो. कोखर सावकाश, रक्ताचा थेंब न सांडू देता ग्रंथी पूर्ण सोडवून काढत, त्यामुळे थायरॉइड काहीच उरत नसे. बिलरोथ झपाट्याने काम उरकत. त्यांच्या हातून ग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण शेजारचं दुसरंच काहीतरी दुखावलं जाई.

ते दुसरं काहीतरी म्हणजे पॅराथायरॉइड. थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरच्या, साधारण चार ग्रंथी. त्या आधी दिसल्या त्या माणसात नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात त्या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या नजरेस पडल्या, आणि १८५० मध्ये त्यांनी त्यांचं वर्णन केलं. (गेंडा आपला, शोध त्यांचा. त्या काळात हे नेहमीचंच.) माणसात त्या दाखवून दिल्या १८८० मध्ये, स्वीडनच्या उप्साला इथल्या इवार सांडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने. रक्तातल्या कॅल्शियमशी त्यांचा संबंध स्पष्ट व्हायला १९०९ उजाडलं. बाल्टिमोरमध्ये मॅकॅलम आणि फोग्टलिन या संशोधकांनी या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांचे पेटके कॅल्शियम देऊन थांबवले. त्याच वर्षी कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

म्हणजे गळ्यापासून पायाच्या गोळ्यापर्यंत जाणारे रस्ते दोन आहेत, आणि कॅल्शियमची गोळी त्यातल्या एकाच रस्त्यावर उपयोगी पडते.

तो रस्ता बिलरोथ यांच्या रुग्णांचा. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन एक-दोन दिवस झाले असतील आणि ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना झिणझिण्या सुरू झाल्या, तर रक्तातलं कॅल्शियम घसरतंय असं समजावं. कॅल्शियम कमी पडलं की नसा विनाकारण संदेश सोडू लागतात. मग हात आखडतो : मनगट वाकतं, चार बोटं सरळ होऊन एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्यात शिरतो. पायाची बोटंही अशीच वळतात. शंका असली तर डॉक्टर दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो तीनेक मिनिटं फुगवून ठेवतात आणि हात असा वळतो का ते बघतात. एकोणिसाव्या शतकातल्या आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याच्या नावाने ही खूण ओळखली जाते. इथे कॅल्शियम हेच औषध, आणि तेही घाईने. ‘टाके पडलेत, होणारच एवढं’ म्हणून घरी बसून राहू नये. काहींच्या पॅराथायरॉइड ग्रंथी थोड्या दिवसांत सावरतात. काहींना मात्र कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायॉल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) कायम घ्यावं लागतं.

पण आपल्याकडे थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बहुतेकांच्या गळ्याला कधी सुरी लागलेली नसते. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. यातल्या बहुतेकांच्या पॅराथायरॉइड शाबूत असतात आणि रक्तातलं कॅल्शियमही सहसा ठीक असतं. त्यांचा रस्ता कोखर यांच्या रुग्णांचा. जर्मनीत हायडेलबर्गच्या योहान हॉफमन यांनी १८९७ मध्ये असाच एक रुग्ण नोंदवला : थायरॉइड काढल्यानंतर त्याचे स्नायू ताठरले आणि आखडले की लवकर सैल होईनात.

सैल होईनात, हे नीट लक्षात घ्यायला हवं. स्नायू आखडायला जोर लागतो आणि सैल पडायला काही लागत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सैल पडायलाही शक्ती खर्चावी लागते. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा वेगळा साठा असतो. संदेश आला की तो साठा मोकळा होतो आणि स्नायू आखडतो. मग ते कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरावं लागतं, आणि हे काम करणारे सूक्ष्म पंप पेशीची ऊर्जा वापरून चालतात. हे पंप किती असावेत हे बऱ्याच अंशी थायरॉइडचं संप्रेरक ठरवतं. संप्रेरक कमी, तर पंप कमी. शिवाय पेशीतली ऊर्जानिर्मितीही मंदावलेली. परिणामी स्नायू आखडतो तेव्हा सुटायला वेळ लावतो, अंग सकाळी जखडलेलं वाटतं, थोड्या श्रमाने पोटऱ्या भरून येतात आणि पेटके येतात. म्हणजे गडबड पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या ने-आणीत आहे. रक्तात पुरेसं कॅल्शियम असताना आणखी दोन गोळ्या पोटात टाकून पंपांची संख्या वाढत नाही.

ही मंद सुटका डोळ्यांनी पाहता येते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं, पावलं कडेबाहेर लोंबतील असं बसवायचं आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं. निरोगी माणसाचं पाऊल चटकन मागे उडतं आणि तितक्याच चटकन परत येतं. थायरॉइड बरंच कमी असेल तर पाऊल उडतं, क्षणभर तिथेच रेंगाळतं आणि मग आळसावल्यासारखं खाली येतं. टीएसएचची (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो) रक्ततपासणी सर्रास होण्यापूर्वी या परतीचा वेळ मोजणारी यंत्रं दवाखान्यांत असत आणि त्यावरून थायरॉइडचा अंदाज बांधला जाई. आता रिपोर्ट मोबाइलवर येतो. हातोडी खणात पडून असते. मला विचाराल तर ती अधूनमधून बाहेर काढायला हरकत नाही, रुग्णाला आपलं दुखणं कुठे अडतंय ते त्या एका ठोक्यात कळतं.

आता त्या कॅल्शियमच्या गोळीकडे. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, रिकाम्या पोटी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, हे आपण तिसऱ्या भागात पाहिलं. कॅल्शियम आणि लोह या औषधाला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरतं शिरू देत नाहीत. म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. घरोघरी होतं ते असं : पायात गोळे येतात म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली कॅल्शियमची बाटली येते आणि विसरायला नको म्हणून सकाळच्या गोळीशेजारीच ठेवली जाते. दोन्ही एकाच घोटाबरोबर पोटात. दोन-तीन महिन्यांत टीएसएच चढतो, गोळे वाढतात आणि कॅल्शियमचा डोस दुप्पट होतो. डॉक्टर थायरॉइडची गोळी पन्नासवरून पंचाहत्तरवर नेतात, कारण बाटलीबद्दल त्यांना कुणी बोललेलंच नसतं. कॅल्शियम खरंच हवं असेल, हाडांसाठी पुष्कळांना हवंच असतं, तर ते दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत घ्यावं. अॅसिडिटीवरच्या काही औषधांतही कॅल्शियम असतं, तीही यात धरावीत.

असाच दुसरा घोळ कोलेस्टेरॉलचा. थायरॉइड कमी झालं की कोलेस्टेरॉल वाढतं. रिपोर्टमध्ये तेवढंच लाल अक्षरात दिसलं तर कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू होतं. स्टॅटिनने स्नायू दुखणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि थायरॉइडची कमतरता उपचाराविना असेल तर त्याचा धोका वाढतो. म्हणून स्टॅटिनआधी एकदा टीएसएच बघावा. थायरॉइड जागेवर आल्यावर कोलेस्टेरॉल पुष्कळदा आपसूक उतरतं. चालू असलेलं स्टॅटिन मात्र परस्पर बंद करू नये. स्टॅटिन घेताना स्नायू फार दुखू लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

आणि टीएसएच अगदी व्यवस्थित असूनही गोळे येत असतील तर? मग थायरॉइडला मोकळं सोडावं. साठीनंतर रात्रीचे गोळे कितीतरी लोकांना येतात, गरोदरपणात येतात, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी येतात, मधुमेहात येतात. थायरॉइडच्या कमतरतेइतकीच ही कारणंही घरोघरी असल्यामुळे दोन गोष्टी एकाच पायात भेटण्यात नवल नाही. मॅग्नेशियमची सध्या भलतीच चलती आहे. वयस्कांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही. क्विनाइन पूर्वी सर्रास देत, पण रक्तातल्या प्लेटलेट घटण्यासारख्या गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायाच्या गोळ्यांसाठी ते वापरू नका असं बजावलं आहे. केळं खावं, चांगलं फळ आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही विचारून.

गोळा आल्या क्षणी उपयोगी पडतं ते ताणणं. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं हाताने नडगीकडे ओढावीत. हात पोचत नसेल तर टॉवेल तळव्याखाली घालून ओढावा, किंवा सरळ उठून जमिनीवर पाऊल दाबून उभं राहावं. वळलेली बोटं एकेक करून सरळ करत बसण्यापेक्षा पाऊल टेकवून भार दिला की लवकर सुटतात. पण एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम आणि लाल आहे, दुखणं तासन्‌तास हटत नाही, असं असेल तर चोळायचं नाही. ती रक्ताची गुठळी असू शकते.

थायरॉइड जास्त असलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना गोळ्यांपेक्षा मांड्यांतला अशक्तपणा जाणवतो. जमिनीवर मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागतो. काहींना, त्यातही आशियाई तरुण पुरुषांना, भरपेट गोडाधोडाच्या जेवणानंतर किंवा अंगमेहनतीच्या दिवसानंतर पहाटे पाय उचलताच येत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम एकदम घसरलेलं असतं. हा प्रकार थेट रुग्णालयाचा.

थायरॉइडच्या कमतरतेवर लेव्होथायरॉक्सिनचा डोस नव्याने ठरला की गोळे आठवड्याभरात जातील अशी अपेक्षा धरू नका. हे औषध अंगात निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला सहा आठवडे जातात. टीएसएच त्यानंतर तपासावा, आणि स्नायू त्याच्याही मागून येतात. तपासणीआधी दोन दिवस केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या थांबवा, त्या रिपोर्टचे आकडे फिरवतात. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, शेजारच्या काकूंनी दिलेलीसुद्धा.

(पुढील भाग : गरोदरपणात थायरॉइडचा डोस का वाढतो)