रात्री ठणकणारा कान

पावसाळ्यात सर्दीची साथ आली की रात्रभर जागलेल्या आया सकाळीच दवाखान्यात येऊन बसतात. मी कानाला हात लावण्याआधी रात्र कशी गेली ते विचारते. "मॅडम, दिवसा बरा खेळतो, आडवं केलं की किंचाळतो. अंगावर घेतलं तर दोन घोट पितो आणि रडायला लागतो." सर्दीला दोन-चार दिवस झालेले असतील, तर संशय मधल्या कानावरच जातो.

नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते. तान्ह्यांची ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साचतं, त्याचा पू होतो, पडदा ताणतो. दूध ओढताना दाब बदलला की कळ येते. सहा महिने ते दोन वर्षं, या वयात हे फार. ताप नसला म्हणून कान बरा, असं नाही. कधी उलट्या होतात आणि घरचे पोटाच्या मागे लागतात. नुसतं कान ओढण्यावर मात्र मी विसंबत नाही. झोप आली तरी मुलं कान ओढतात.

आज्या कानात घालतात ते लसणीचं तेल हा माझा जुना वैताग. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी, दुर्बिणीच्या उजेडात त्यावर तिकोनी चकाकी दिसते. पू साचला की पडदा लाल होऊन बाहेर फुगतो. तेल घातलं असेल तर यातलं काहीच धड दिसत नाही.

उशीवर पिवळा डाग पडतो आणि मूल एकदम शांत झोपतं, तेव्हाही या. पडदा फाटून पू बाहेर आलेला असतो, म्हणून ठणका थांबतो. भोक बहुधा आपोआप भरतं, पण तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका.

दोन वर्षांवरच्या मुलाचं दुखणं बेताचं असेल, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन मी दोन दिवस वाट बघते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थांबत नाही, लगेच अँटिबायोटिक. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

ठणका गेल्यावरही पडद्यामागचं पाणी काही आठवडे राहतं आणि ऐकू कमी येतं. हाकेला ओ देत नाही म्हणून पोराला रागावू नका; तीन महिन्यांनीही तसंच असेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.