पोस्टग्रेस स्वतः कंपाइल करताना

डेटाबेस सोर्स कोडमधून बांधायचा म्हटलं की दोन टोकाची मतं ऐकू येतात. पहिलं, हे आपल्या आवाक्यातलं काम नाही. दुसरं, स्वतः कंपाइल केलेला डेटाबेस तयार पॅकेजपेक्षा वेगवान आणि सुरक्षित असतो. दोन्हींत तथ्य कमी आहे, आणि पोस्टग्रेसक्यूएलवरून ते नीट दाखवता येतं. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा डेटाबेस सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उतरवून घेता येतो.

काम चार टप्प्यांचं: कॉन्फिगर, मेक, मेक चेक आणि मेक इन्स्टॉल. साध्या लॅपटॉपवरही ते थोड्या वेळात उरकतं. लोक अडकतात ते बहुधा पहिल्याच टप्प्यात. रीडलाइन लायब्ररी सापडली नाही, असं सांगून कॉन्फिगर थांबतं. ती तर मशीनवर असते! पण असते ती चालू प्रोग्रामना लागणारी लायब्ररी. कंपाइलरला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या पॅकेजात येतात. डेबियन-उबुंटूवर त्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ लागतं, रेड हॅटच्या घराण्यात ‘डेव्हल’. ते पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो. १७व्या आवृत्तीपासून बायसन, फ्लेक्स आणि पर्लही लागतात. आधी त्यांनी बनवायच्या फाइली टारबॉलमध्ये तयार मिळायच्या, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत त्यांचा आग्रह दिसत नाही.

खरा धोका त्याच एरर मेसेजच्या पुढच्या ओळीत आहे. रीडलाइन नको असेल तर ‘विदाउट-रीडलाइन’ वापरा, असं कॉन्फिगर सुचवतं. घाईतला माणूस ते लिहून पुढे जातो. त्याचा परिणाम किरकोळ असतो: पीएसक्यूएलमध्ये वरचा बाण दाबून मागची कमांड येत नाही. पण १६व्या आवृत्तीपासून, भाषांचे वर्णक्रम पुरवणारी आयसीयू लायब्ररी नसेल तरी कॉन्फिगर असंच थांबतं आणि तिथेही ‘विदाउट-आयसीयू’ची वाट दाखवतं. ती वाट आपल्याला, मराठी डेटा ठेवणाऱ्यांना, महागात पडते.

आयसीयूसह बांधलेल्या पोस्टग्रेसमध्ये मराठीचा वर्णक्रम तयार मिळतो. ‘ह’नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. आयसीयू वगळून सी लोकेलवर डेटाबेस उभा केला, तर अक्षरं केवळ युनिकोडच्या अनुक्रमाने लागतात. मग मतदार किंवा विद्यार्थ्यांच्या यादीत क्षितिजा ही कौस्तुभ आणि खंडू यांच्यामध्ये जाऊन बसते, ज्ञानेश्वर ‘ज’च्या शेवटी येतो आणि काळे आडनाव कासारच्या आधी लागतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मराठी लोकेलवर विसंबता येतं, पण तिथले नियम सिस्टिमच्या आवृत्तीबरोबर बदलू शकतात. २०१८ साली लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अनेक भाषांचा क्रम बदलला आणि मजकुरावरचे जुने इंडेक्स पुन्हा बांधावे लागले.

म्हणूनच, नुसतं कॉन्फिगर चालवलं की सगळं आपोआप येतं, हा मला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. ओपनएसएसएल मागितल्याशिवाय जोडलं जात नाही. अशा सर्व्हरवर एसएसएल चालू करायला गेलात की या बिल्डमध्ये ती सोय नाही असं उत्तर मिळतं. एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन, एलएलव्हीएमवर चालणारं जेआयटी, पायथॉनमधली फंक्शनं, सगळं नाव घेऊन मागावं लागतं. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्ससारखी एक्स्टेंशनं ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमध्ये असतात आणि साध्या मेक इन्स्टॉलने येत नाहीत. त्यासाठी तिथे जाऊन वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

ब्लॉकच्या आकाराशी तर उगाच खेळूच नये. तो मुळात ८ केबी असतो आणि कॉन्फिगर करताना बदलता येतो. १६ केबीच्या बिल्डने तयार केलेली डेटा डिरेक्टरी ८ केबीच्या सर्व्हरवर सुरूच होत नाही. परत फिरायचं तर डंप काढून सगळा डेटा नव्याने भरावा लागतो.

वेगाचं म्हणाल तर जीसीसीवर कॉन्फिगर स्वतःहून ओ-२ पातळीचं ऑप्टिमायझेशन लावतं आणि पॅकेजवालेही साधारण तेच वापरतात. क्वेरी रखडते ती बहुतेक वेळा नसलेल्या इंडेक्समुळे, चुकलेल्या प्लॅनमुळे किंवा तोकड्या मेमरीमुळे. उलट पोस्टग्रेसचा कोड लिहिणाऱ्यांसाठीचा ‘एनेबल-सीअसर्ट’ कुठून तरी उचलून वापरला, तर सर्व्हर चांगलाच मंदावतो. मेक चेक मात्र फक्त त्यांच्यासाठी नाही. तो तात्पुरता सर्व्हर उभारून दोनशेहून अधिक चाचण्या चालवतो. साध्या युजरने चालवा, रूटने नाही.

राहिली सुरक्षितता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत लपवलेलं मागचं दार सापडलं. ते शोधणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसच्याच विकासकांपैकी. पोस्टग्रेसचा वेग मोजताना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या नजरेस आलं. या प्रकरणात कळीची एक फाइल गिट भांडारात नव्हतीच. ती ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये घातलेली होती आणि तिचं काम कॉन्फिगरच्या वेळी सुरू होत होतं. हल्ल्याचा रोख डेब आणि आरपीएम पॅकेजांवर होता हे खरं, पण सोर्स हातात असणं आणि तो तपासलेला असणं यांत किती अंतर आहे, ते यातून दिसलं. पोस्टग्रेसच्या टारबॉलसोबत एसएचए-२५६ चेकसम मिळतो. किमान तो तरी जुळवून पाहावा.

सुरक्षेचं रोजचं काम तर त्याहून साधं आहे. छोट्या आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात. तुम्ही बांधलेल्या सर्व्हरला सिस्टिमचं अपडेट हात लावत नाही, म्हणजे नवी आवृत्ती तुम्हालाच बांधावी लागते. छोट्या आवृत्तीसाठी डेटा हलवावा लागत नाही: इन्स्टॉल करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा. मोठ्या आवृत्तीला पीजी-अपग्रेड किंवा डंप लागतो. मागच्या वेळी कोणते पर्याय दिले होते ते आठवत नसेल, तर आधीच्या बिल्डमधलं पीजी-कॉन्फिग ‘कॉन्फिगर’ पर्यायासह चालवा. दिलेले सगळे पर्याय छापून येतात. तेच नव्या सोर्सच्या फोल्डरमध्ये कॉन्फिगरला द्यायचे.