लिंक्डइन : वशिला नसणारांचें ओळखपत्र

नोकरी मिळावयाची तर वशिला हवा, ही समजूत आमच्या समाजांत फार जुनी आहे. ज्याच्या घरीं कोणी मोठा अधिकारी वा व्यापारी नाहीं, अशा होतकरू तरुणास अर्ज करण्यापूर्वींच निराशा घेरते. ही निराशा कितपत साधार आहे, आणि २००३ सालीं सुरू झालेल्या लिंक्डइन या संकेतस्थळाचा तिच्यावर कांहीं उपाय होतो काय, याचा विचार येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, वशिला आणि ओळख या गोष्टी एक नव्हेत. वशिल्यानें अपात्रासही जागा मिळते; ओळखीनें पात्र मनुष्यास जागा रिकामी असल्याची वार्ता मिळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, ओळखीच्या द्वारें नोकरी मिळालेल्या लोकांची पाहणी दिली आहे. वार्ता देणाऱ्याशीं ज्यांची वारंवार भेट होत असे, असे लोक शेंकडा सुमारें १७ च निघाले. बाकीच्यांची भेट प्रसंगोपात्त किंवा क्वचितच होई. याचें कारण उघड आहे. जिवलग मित्रांस जें ठाऊक असतें तें बहुधा आपणांसही ठाऊक असतें. नवी वार्ता दूरच्या ओळखींतून येते. पुढें २०२२ सालीं लिंक्डइनच्या सुमारें २ कोटि सभासदांविषयींचें संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. फार जवळच्या ओळखींपेक्षां कांहींशा दूरच्या ओळखीच नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात, असें त्यांतही दिसून आलें. अशा दूरच्या ओळखी जोडणें व राखणें या संकेतस्थळामुळें सुलभ झालें आहे.

आतां तेथील आपलें पान, म्हणजे प्रोफाइल, कसें लिहावें तें पाहूं. नांवाखालच्या ओळीस हेडलाइन म्हणतात. तींत २२० पर्यंत अक्षरें मावतात. पुष्कळ जण तेथें ‘नोकरीच्या शोधांत’ एवढेंच लिहून थांबतात. परंतु उमेदवार शोधणारा अधिकारी कौशल्याचे शब्द घालून शोध घेतो, सबब ‘वाणिज्य पदवीधर, टॅलीवर हिशेब व जीएसटीचीं विवरणपत्रें तयार करण्याचा एक वर्षाचा अनुभव’ असें लिहिणारा त्याच्या दृष्टीस लवकर पडतो.

त्यापुढील ‘अबाउट’ या भागांत २,६०० अक्षरांची सोय आहे. तथापि आरंभींच्या दोनचार ओळीच प्रथम दिसतात. म्हणून मुख्य गोष्ट आधीं सांगावी. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हीं विशेषणें प्रत्येक जण लावितो. त्यांऐवजीं केलेलें काम सांगावें. मामांच्या दुकानाचा जमाखर्च दोन वर्षें लिहिला असेल, तर तोही अनुभवच होय. छायाचित्र साधें व चेहरा स्पष्ट दाखविणारें असावें. न शिकलेली विद्या मात्र लिहूं नये; मुलाखतींत दोन प्रश्नांतच ती उघडी पडते.

पान तयार झाल्यावर आपल्या महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थी पाहावे व त्यांतील आपल्या क्षेत्रांतील व्यक्तींस चार ओळींचें पत्र लिहावें. त्यांत नोकरी मागूं नये. त्यांच्या कामाविषयीं एखादा नेमका प्रश्न विचारावा. उत्तर देणें त्यांस सोपें जातें, आणि ओळख तेथूनच सुरू होते.

एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. नोकरीच्या आमिषानें ‘नोंदणी’ वा ‘प्रशिक्षण’ म्हणून आगाऊ पैसे मागणारे भामटे येथेंही असतात. पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणाऱ्यास उत्तरच देऊं नये. घरचा पत्ता पानावर घालूं नये. तसेंच १६ वर्षांखालील मुलांस तेथें सभासद होतां येत नाहीं, हें आमच्या लहान वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

एवढें केल्यानें नोकरी मिळेलच असें आम्ही म्हणत नाहीं. पात्रता ही ज्याची त्यानेंच कमवावी लागते. परंतु ती पात्रता चार लोकांच्या दृष्टीस पडावी, यासाठीं आतां कोणाच्या ओसरीवर ताटकळत बसण्याचें कारण उरलेलें नाहीं. ज्याच्या वडिलांस शहरांत कोणी ओळखत नाहीं, त्यानें तर हें साधन अवश्य हातीं घ्यावें.