खाटेपर्यंत जाणारं मशीन

२०२१च्या मार्च-एप्रिलमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आजाऱ्याची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू व्हायची : ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या सीटी स्कॅनवर, एचआरसीटीवर, पंचवीसपैकी मिळणारा हा आकडा घराघरांत पाठ झाला होता. या तपासणीचे दर इतके भडकले होते, की सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने मशीनच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांची मर्यादा घालून दिली होती. त्याच साथीत इटलीतले डॉक्टर वेगळाच स्कोअर मोजत होते, छत्तीसपैकी. त्यासाठी पेशंटला खाटेवरून हलवावं लागत नव्हतं. ते सोनोग्राफीने फुफ्फुसं तपासत होते.

आधीच्या पिढीच्या रेडिओलॉजिस्टला हे ऐकून हसू आलं असतं. हवा ध्वनिलहरींना जवळजवळ पूर्ण परतवून लावते आणि फुफ्फुस तर हवेनेच भरलेलं. तिथे सोनोग्राफीचं काम नाही, असंच त्यांना शिकवलेलं होतं. ही समजूत डळमळीत करणाऱ्यांत घोड्यांचे डॉक्टरही होते. श्वासाबरोबर फुफ्फुसाचं आवरण सरकताना दिसतं आणि छातीत हवा साठली की ते सरकणं थांबतं, हे १९८६मध्ये घोड्यांत नोंदवलं गेलं. माणसांवर हे काम चिकाटीने केलं ते पॅरिसजवळच्या आंब्रुआझ-पारे रुग्णालयातल्या दानिएल लिश्टेनश्टाइन यांनी. वर्षानुवर्षं ते १९९२च्या सुमाराचं साधं कृष्णधवल हिताची मशीन वापरत राहिले. २००८मध्ये त्यांनी ‘ब्लू प्रोटोकॉल’ मांडला. श्वास अडखळल्यामुळे अतिदक्षता विभागात आलेल्या २६० पेशंटांमध्ये या पद्धतीने ९०.५ टक्के वेळा निदान बरोबर आलं.

युक्ती अशी, की फुफ्फुसाचं चित्र काढायचंच नाही; परतणाऱ्या लहरी पडद्यावर जी फसवी नक्षी उमटवतात, ती वाचायची. निरोगी, हवेने भरलेल्या फुफ्फुसात आवरणाच्या रेघेखाली सारख्या अंतरावर आडव्या रेघा दिसतात. त्यांना ए-लाइन म्हणतात. आवरणालगतच्या भागात पाणी किंवा सूज आली, की तिथून उभ्या पांढऱ्या रेघा निघतात आणि टॉर्चच्या झोतासारख्या पडद्याच्या तळापर्यंत न विझता जातात. या बी-लाइन. दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत अशा तीन किंवा अधिक दिसल्या, की डॉक्टर सावध होतो. त्या एकमेकींत मिसळून अख्खी फट पांढरी झाली तर आजार वाढलेला. आणि फुफ्फुस यकृतासारखं घट्ट दिसू लागलं, तर त्या भागातली हवा संपलेली. दोन्ही बाजूंचे मिळून बारा भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. छत्तीसचा हिशेब असा.

म्हाताऱ्या माणसांसाठी हा हिशेब विशेष मोलाचा आहे. सत्तरी-ऐंशीतला न्यूमोनिया तापाने ओळख देईलच असं नाही. जेवण सुटतं, माणूस बरळू लागतो, न्हाणीघरात पडतो. नातेवाईक सांगतात, ‘कालपासून ओळखत नाहीत.’ पाठीला बाक आलेला असतो, त्यामुळे एक्स-रे धड निघत नाही. सीटीसाठी ऑक्सिजनसकट स्ट्रेचरवर घालायचं, लांब कॉरिडॉरमधून न्यायचं, तिथे सपाट झोपवायचं आणि वर ‘श्वास रोखा’ म्हणायचं. दम लागलेल्या आजोबांकडून यातलं काहीच होत नाही. सोनोग्राफी त्यांना टेकून बसवूनही होते. किरणोत्सर्ग नसल्याने ती उद्या आणि परवाही करता येते, कालच्या गुणांशी ताडता येते.

शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय १९५६चं. लोक त्याला ‘घाटी’च म्हणतात. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि विदर्भातल्या बुलढाण्याहूनही पेशंट तिथे येतात. अशा रुग्णालयात एका खाटेवरून सीटीपर्यंतची फेरी म्हणजे एक स्ट्रेचर, एक सिलिंडर, एक मामा आणि बहुतेक वेळा पेशंटचा मुलगा. हे सगळं वाचवणाऱ्या तपासणीचं महत्त्व तिथल्या कोणालाही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण बी-लाइन निदान सांगत नाहीत. हृदय थकलं आणि फुफ्फुसात पाणी चढलं, तरी त्याच रेघा दिसतात. जुनाट फायब्रोसिसमध्येही दिसतात. आणि उतारवयात हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड यांची दुखणी एकाच देहात नांदतात. अनुभवी डॉक्टर मग बारकावे पाहतो. विषाणूच्या न्यूमोनियात आवरणाची रेघ खडबडीत, तुटक होते. बाधित भागांमध्ये मधूनच निरोगी भाग सुटलेले असतात, आणि जोर बहुधा पाठीकडे, खाली असतो. हृदयाच्या आजारात रेघ गुळगुळीत राहते, दोन्ही बाजू सारख्या भरतात, तळाशी पाणी साठतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसात मात्र पाठीकडचा खालचा भाग एरवीही दबलेला असतो, त्यामुळे तिथली नक्षी फसवू शकते. आवरणापर्यंत न पोचलेला खोलातला आजार तर दिसतच नाही. आणि विषाणू कोणता, ते पडदा सांगत नाही.

सगळ्यात चिवट अडचण वैद्यकाबाहेरची आहे : याच मशीनवर गर्भाचं लिंगही कळतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४मध्ये आला. अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३पासून कायदा कडक झाला. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, विक्री फक्त नोंदणीकृत केंद्राला. २०१२च्या नियमाने उचलून नेता येणारी मशीन नोंदणी झालेल्या आवारातल्या आंतररुग्णांपुरती किंवा फिरत्या वैद्यकीय पथकापुरती मर्यादित केली. हा काच कशापायी, ते मराठवाड्याला ठाऊक आहे. २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, आणि २०१२मध्ये तिथल्याच परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण देशभर गाजलं.

त्यामुळे खिशात मावणारा, मोबाइलला जोडता येणारा प्रोब बाजारात असला, तरी सिल्लोड-वैजापूरच्या खेड्यात घरीच पडून असलेल्या आजीकडे डॉक्टरने तो बॅगेत घालून नेणं नियमात बसत नाही. २०१४च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं, तेही पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं. फुफ्फुस त्याच्या नावातही नाही.

फुफ्फुसापुरतं वेगळं मशीन काढा, हा तोडगा सुचायला सोपा आहे. आवरणाची रेघ पाहायला जास्त कंपनसंख्येचा सरळ प्रोब लागतो. तो काही सेंटिमीटरच आत पाहतो, तेव्हा त्याला सूट देता येईल असं वाटतं. पण वृद्धांचा न्यूमोनिया दडतो पाठीत, खाली, आणि तिथपर्यंत पोचायला दोन ते पाच मेगाहर्ट्‌झचा बाकदार प्रोब हवा. गर्भ पाहायलाही तोच वापरतात.